पुंडलिकअण्णांची शर्यतीची गाडी

पुंडलिकअण्णांच्या शेडमध्ये जायचं असेल तर प्लास्टिकची वस्तू दाराबाहेर ठेवावी लागते. पिशवी, पाण्याची बाटली, पायातल्या चपला, सगळं. एकदा मी ताक द्यायला गेले तर त्यांनी माझ्या केसांतला चिमटासुद्धा काढायला लावला. मी केस मोकळे सोडून, ताकाचा तांब्या धरून उभी. अण्णा म्हणाले, "राग मानू नको गं. त्या साली हे नव्हतं."

ते कुठलं साल हे आमच्या कमरीपेठेत शेंबड्या पोरालाही माहीत आहे. अण्णांनी जन्मभर पत्र्याचं काम केलं. धान्याच्या कोठ्या, लग्नातल्या ट्रंका, पावसाच्या पन्हळी. साठी उलटल्यावर एक दिवस रद्दीच्या दुकानात त्यांना एका जुन्या इंग्रजी मासिकात फोटो सापडला. परदेशातल्या रस्त्यावरची मोटारींची शर्यत. लांब नाकाची, टप नसलेली गाडी, तारांची चाकं आणि आत धुळीनं माखलेला, मोठा चष्मा लावलेला माणूस. खाली साल छापलेलं. अण्णा तो फोटो घेऊन घरी आले आणि बायकोला, म्हणजे शारदाक्कांना म्हणाले, "ही गाडी करायची. त्या साली होती तशीच. एक स्क्रू पण पुढचा चालणार नाही."

अक्का भाकरी थापत होत्या. त्यांनी वर न बघता विचारलं, "त्या साली तुम्ही तरी कुठं होता?"

अण्णांचं आणि आमचं घर भिंतीला भिंत लागून. मी ब्लाऊज शिवते, त्यावर भरतकामही करते. ते काम मला अक्कांनीच शिकवलं. त्यामुळं माझं त्या घरात रोजचं जाणं-येणं, आणि गाडीचं सगळं मी बघत आले.

स्क्रूचंच सांगते. आता मिळतात त्या स्क्रूंच्या डोक्यावर फुली असते. अण्णांना हवा एका रेघेचा, जुना. त्यासाठी त्यांनी भंगारवाले पालथे घातले, आणि ओळखीच्या घरांतली जुनी कपाटं आणि दारंही सोडली नाहीत. आमच्या देवघराचं दार एक दिवस माझ्या हातात आलं. बघते तर चार स्क्रू गायब आणि त्याजागी चार नवे, नीट पुसून, कागदात बांधून ठेवलेले. बसवायला मात्र विसरले होते.

शेडमधला पांढरा दिवा त्यांनी काढला आणि जुना पिवळा बल्ब लावला. त्या उजेडात दिसेना म्हणून अंगठ्यावर हातोडा बसला. डॉक्टरांनी पट्टी चिकटवायला घेतली तर अण्णा म्हणाले, "बेड, बेड, नको ते. फडकं बांधा."

अक्का म्हणाल्या, "डॉक्टर, औषध पण त्या सालचंच द्या. बरं नाही झालं तर सुटले मी."

इंजिन तेवढं त्या सालचं मिळालं नाही. ते भंगारातल्या जीपचं आहे. म्हणून अण्णा बॉनेट उघडून दाखवत नाहीत. कुणी विचारलं तर म्हणतात, "आत गरम आहे." गाडी तेव्हा तीन महिने बंद असते.

हे सगळं एवढ्यासाठी, की धारवाडला जुन्या गाड्यांची मिरवणूक निघते. नवीन बांधलेली गाडीही त्यात घेतात, पण ती मूळ गाडीसारखी हुबेहूब पाहिजे. मिरवणुकीचे एक साहेब येऊन तपासून जातात. जन्मभर दुसऱ्यांच्या घरातल्या कोठ्या केल्या, एक तरी वस्तू लोकांनी रस्त्यावर उभं राहून बघावी, असं अण्णांच्या मनात होतं. अक्का वरून टोमणे मारायच्या, पण मिरवणुकीला नेसायची इरकल त्यांनी कपाटात वेगळी काढून ठेवली होती.

गाडीच्या अंगाचा कागदही अक्कांनीच काढला. फोटोवर चौकोन आखले, मोराचं चित्र मोठं करतात तसं मोठ्या कागदावर मोठं केलं. मग रेघेवरून सुईनं टोचत गेल्या. टोचलेला कागद पत्र्यावर ठेवून त्यावरून रॉकेलात कालवलेली नीळ फिरवली की खाली निळे ठिपके उमटतात. आम्ही कापडावर नक्षी अशीच उमटवतो. अण्णा त्या ठिपक्यांवर कात्री चालवायचे. पंधरा दिवस दोघं एकमेकांवर ओरडली नाहीत. गल्लीला चुकल्यासारखं झालं.

गाडी पहिल्यांदा सुरू झाली तेव्हा गवळ्याची म्हैस दावं तोडून थेट बाजारापर्यंत गेली. लोक जमले. कुणीतरी विचारलं, "अण्णा, स्टेरिंग डावीकडं कसं?"

"परदेशची गाडी आहे. तिकडं तसंच असतंय."

अक्का दारात खुर्ची टाकून बसल्या होत्या. तेव्हा त्यांचा आजार वाढलेला होता, चालवत नव्हतं. त्यांनी विचारलं, "सगळं फोटोसारखं झालंय न्हवं?"

"अगदी," अण्णा म्हणाले.

गेल्या वर्षी अक्का गेल्या. अण्णांनी दोन महिने शेड उघडली नाही. मग उघडली आणि आधीपेक्षा जास्त भांडायला लागले, तेव्हा गल्लीला जरा बरं वाटलं.

या वर्षी साहेब तपासायला यायचे ठरले. राहिली होती फक्त सीट. अण्णा मला म्हणाले, "कातडं आणलंय. जाड सुईनं, हातानं शिवायचं. मशीन नको." आणि शिवण कशी आहे ते बघायला फोटो दिला. बऱ्याच वर्षांनी मी तो फोटो बघत होते. पूर्वी भिंतीवर असायचा, मधेच अण्णांनी काढून ट्रंकेत ठेवला होता. म्हणाले होते, उन्हानं खराब होतोय. आता दिला तोही घडी घालून, फक्त सीट दिसेल असा. "घडी उलगडू नको," म्हणाले.

सीट शिवता शिवता मला शिवण कुठून कुठं जाते याचा अंदाज येईना, म्हणून मी घडी उलगडली.

फोटोत माणूस उजवीकडं बसला होता. स्टेरिंग उजवीकडं. धुराची नळी डावीकडं. अण्णांच्या गाडीत सगळं उलटं.

मला लगेच कळलं काय झालं ते. ब्लाऊजच्या दोन बाह्यांना आम्ही एकच टोचलेला कागद वापरतो. एका बाहीला सुलटा ठेवायचा, दुसऱ्या बाहीला पालथा, म्हणजे दोन्हीकडचे मोर समोरासमोर येतात. अक्कांच्या हाताला चाळीस वर्षांची सवय. गाडीच्या वरच्या पत्र्यावर त्यांनी कागद पालथा टाकला होता. माणसानं बसायचं भोक तिथंच डावीकडं गेलं आणि मग बाकीची गाडी त्या भोकामागं गेली.

दुसऱ्या दिवशी सकाळी साहेब येणार. मी कुणाला आपणहून काही सांगायला जात नाही. पण गेले. चिमटा बाहेर ठेवला आणि म्हटलं, "अण्णा, कागद पालथा पडलाय."

अण्णा चाकाच्या तारा पुसत होते. पुसतच राहिले.

"पत्रा कापला त्याच दिवशी बघितलं मी."

"मग दुसरा कापायचा होता."

"ती समोर बसली होती. झालं का बरोबर, विचारत होती. काय सांगू?" त्यांनी फडकं उलटं केलं. "मग स्टेरिंग इकडं घेतलं. नळी तिकडं घेतली. फोटो ट्रंकेत टाकला."

कोपऱ्यात एक कोरा पत्रा भिंतीला टेकून उभा होता, गाडीच्या वरच्या भागाएवढाच. अक्का गेल्यावर आणलेला असणार. मी त्याच्याकडं बघितलेलं अण्णांनी बघितलं. वाकून त्यांनी गाडीच्या आत बॅटरीचा उजेड पाडला. बाहेरून गाडी लाल रंगवली होती, पण भोकाची आत दुमडलेली कड तशीच ठेवली होती. तिथं अजून अक्कांचे निळे ठिपके होते.

साहेब आले. भले माणूस होते. गाडीभोवती दोनदा फिरले, स्क्रू बघून हसले, चाकांवरून हात फिरवला. मग आपल्याजवळचा कागद काढून बघितला आणि म्हणाले, "अण्णावरे, एवढं बारीक काम, आणि बाजूच चुकली की. वरचा पत्रा बदला, स्टेरिंग उजवीकडं घ्या. अजून महिना आहे. मी नाव लिहून ठेवतो."

अण्णा गाडीच्या नाकावरची धूळ पुसायला लागले.

"पत्रा कापताना बाजू कुणी उलटी घेतली?"

मी सीट हातात घेऊन दारात उभी होते. स्वतःची चूक अण्णांनी कबूल केलेली मी कधी ऐकली नव्हती. ठेचलेल्या अंगठ्याचं खापरसुद्धा त्यांनी बल्ब विकणाऱ्यावर फोडलं होतं.

"मीच," अण्णा म्हणाले. "चष्मा नव्हता त्या दिवशी."

"मग बदलणार ना?"

"नाही. राहू दे तुमची यादी."

साहेबांनी समजावलं, चहा घेतला, परत समजावलं आणि गेले. अण्णांनी माझ्या हातातली सीट घेतली, टाके मोजल्यासारखे बघितले आणि गाडीत बसवली. नीट बसली. मग अक्का खुर्ची टाकून बसायच्या त्या दाराकडं एकदा बघून हळू आवाजात म्हणाले, "हे गल्लीत कुठं बोलू नको गं. तिच्या कानावर जाईल."

"नाही बोलत, अण्णा," मी म्हटलं.