कोनहाइम यांचा रोजचा पाव

आमच्या इमारतीला पाच मजले होते, त्यांपैकी तीन उभे होते. खिडक्या बेचाळीस, काच असलेल्या सहा. राहणारी माणसं एकतीस, त्यांत प्रौढ अठरा. सत्तेचाळीस सालच्या हॅम्बुर्गमध्ये ही स्थिती उत्तम समजली जायची. अठरांपैकी सतरा जण हिटलरची बारा वर्षं मनातून सरकारविरोधीच होते, असं कागदोपत्री सिद्ध झालं होतं.

सिद्ध करण्याचं काम, कोण नाझी होतं हे तपासणाऱ्या आमच्या समितीचं. मी तिथली कारकून. पदवी रसायनशास्त्राची होती, पण प्रयोगशाळेला छप्पर उरलं नव्हतं. प्रत्येकाने एकशे एकतीस प्रश्नांचा फॉर्म भरायचा, सोबत चांगल्या वर्तनाचा, शेजाऱ्यांच्या सह्यांचा दाखला जोडायचा. समितीने 'निर्दोष' असा शिक्का मारला की जुनी नोकरी परत. शेजारी एकमेकांसाठी सह्या करत, त्यामुळे कोणाला फार चालावं लागत नसे.

सत्कृत्य बहुधा एकच असे. तिसऱ्या मजल्यावरचे घड्याळजी कोनहाइम ज्यू होते. त्यांचं रेशन तोडलं तेव्हा अर्जदाराने गुपचूप त्यांच्या दाराशी पाव ठेवला होता. एकेचाळीसच्या नोव्हेंबरात कोनहाइमना गाडीत घालून पूर्वेकडे नेलं. ते परत आले नाहीत, त्यामुळे पोचपावती घेण्याची सोय नव्हती.

अठरावे क्वास्टकाका, मालधक्क्यावरचे वजनकाटेवाले. 'पक्षाचे सभासद होता का?' यापुढे त्यांनी 'हो' लिहिलं होतं. 'कारण?' यापुढे, 'पहिली दोन वर्षं आवडलं. मग भीती वाटली.'

अध्यक्ष ल्यूडर्स यांनी चष्मा काढून पुसला. "अहो क्वास्ट, असं कोणी लिहितं का? पाव लिहा की!"

"मी दिला नाही हो."

"सगळ्यांनी दिला!"

"मग तो माणूस इतका वाळला कसा? गाडीच्या दिवशी सामानाचं वजन माझ्याकडे होतं. बॅग हातातून सोडेचनात, तिच्यासकट काट्यावर उभे राहिले. अठ्ठावन्न किलो. नंतर नुसती बॅग, बारा. वहीत आहे."

"म्हणजे माणूस सेहेचाळीस?" ल्यूडर्स माझ्याकडे वळले. "दाखल्यांप्रमाणे पाव किती होतो?"

मी बेरीज केली. "रोज अकरा किलो, साहेब. शिवाय नऊ लिटर सूप. रविवारी केक."

"मग काटाच बिघडलेला होता!"

ठराव एकमताने झाला. सतरा दाखले एकमेकांशी जुळतात, काटा मात्र एकटा आहे, सबब काट्याची तपासणी व्हावी. काटा सदोष निघाल्यास क्वास्ट निर्दोष, नोकरी परत. काटा बरोबर निघाल्यास वही खोटी, क्वास्ट दोषी, आणि जागा समितीतल्या टीडेमानबाईंच्या जावयाला. तपासणी अर्थात विज्ञानाच्या पदवीधराने करावी.

"पस्तीस किलोची तरी चूक हवी," ल्यूडर्स निघताना म्हणाले. "नाहीतर पावाशी मेळ बसत नाही."

घरी आई सलगम सोलत होती. "अगं, क्वास्टांच्या घरात खाणारी पाच तोंडं आहेत. कशाला घोळ घालतेस? आणि माझाही दाखला त्यातच आहे ना? दर मंगळवारी अर्धा पाव."

"आई, तू खरंच दिला होतास?"

"द्यायचं मनात होतं." तिने साल एका लांब पट्टीत काढलं. "आणि लिहिलाय कोणी तो दाखला? अक्षर तुझंच आहे, बाईसाहेब."

दुसऱ्या दिवशी मी प्रमाणित वजनं ढकलगाडीवर घालून मालधक्क्यावर गेले. तपासणीसाठी बोलावलेले क्वास्टकाका आधीच येऊन फडक्याने काट्याचा ओटा पुसत होते.

"धूळसुद्धा वजनात येते, पोरी."

"काका, नुसतं म्हणा ना, तेव्हा बिघडला होता म्हणून. मला मोजायलाच नको."

"तो बिघडला असता तर मी त्या दिवशी घरी नसतो का बसलो?" ते म्हणाले. "ठेव वजनं."

मी आधी वीस किलो ठेवले, मग पन्नास केले, मग शंभर. सुई शंभरवर येऊन थांबली. हलली नाही.

क्वास्टकाकांनी आकडा पाहिला आणि फडकं घडी करून खिशात घातलं. मी अहवाल तिथेच उभ्याने लिहिला, दोन प्रतींत.

ठेवलेलं वजन: शंभर किलो. काट्याने दाखवलेलं: पासष्ट. चूक: पस्तीस.