डॉक्टरांचं मुकं जनावर

उन्हाळ्यात आमच्या गल्लीत किती वाजले हे कुणी घड्याळात बघत नाही. डॉक्टरांची पांढरी गाडी कुठं उभी आहे ते बघायचं. कडुलिंबाच्या पलीकडं असली तर शाळेला अजून वेळ आहे. झाडाच्या अगदी बुडाशी शिरली असली तर जेवणाची वेळ. आणि वाचनालयाच्या भिंतीला लागली असली की चहा टाकायला हरकत नाही. सावली जशी सरकेल तशी डॉक्टर गाडी सरकवतात, दिवसातून चार वेळा. दारात पत्र्याचं शेड आहे, पण त्यात सरपण ठेवलंय.

"पत्र्याखाली भाजून निघंल की ती," ते म्हणतात. "बाई, तुमी बसताव का दुपारी पत्र्याखाली?"

डॉक्टर म्हणजे माणसांचे नव्हेत. किसनराव सगळी नोकरी जनावरांच्या दवाखान्यात पशुधन पर्यवेक्षक होते. तेरपासून बेंबळीपर्यंत त्यांचा हात लागला नाही अशी म्हैस सापडणार नाही. रिटायर झाले आणि दोन वर्षांनी अख्ख्या गावात पहिली इलेक्ट्रिक मोटार त्यांनी आणली. मी इथल्या शाळेत इंग्रजी शिकवते आणि त्यांच्या शेजारी राहते. त्यामुळं गाडी आल्याच्या दुसऱ्या दिवशी ते धुतलेल्या फडक्यात कंपनीचं पुस्तक गुंडाळून माझ्या दारात उभे.

"बाई, हे समदं इंग्रजीत हाय. रोज दोन पानं सांगा."

मी सांगितलं. एवढा चौकस विद्यार्थी मला वर्गात कधी मिळाला नाही. 'स्टेट ऑफ चार्ज', म्हणजे बॅटरी किती भरली ते, आलं तेव्हा त्यांनी विचारलं, "स्टेट म्हंजी आपला महाराष्ट्रच ना?" पण 'हाय व्होल्टेज'च्या पानावर त्यांनी टोपी काढून मांडीवर ठेवली आणि ते पान माझ्याकडून तीनदा वाचून घेतलं. घरातल्या बटणात दोनशे तीस व्होल्ट. हिच्या पोटात तीनशेच्या वर. बॅटरी सीटखाली, तळाला, एका मोठ्या बंद पेटीत. नारंगी रंगाची वायर दिसली की हात लावायचा नाही, आपणही नाही आणि गावातल्या मेकॅनिकनंही नाही.

"समजलं," ते म्हणाले. "लाथ मारणारं जनावर हाय. मागनं जायचं न्हाय."

पुस्तकातला प्रत्येक नियम त्यांनी असाच आपल्या भाषेत नेला. बॅटरी रोज शंभर टक्के भरू नका, वीसच्या खाली जाऊ देऊ नका, असं पुस्तक म्हणतं. डॉक्टर म्हणतात, "गच्च चारलं की पोट फुगतं, उपाशी ठिवलं की खंगतं." लांबून आल्यावर गाडी तापलेली असते, लगेच चार्जिंगला लावू नका. डॉक्टर म्हणतात, "धापा टाकणाऱ्या बैलाला कुणी पाणी पाजतं का? आदी दम खाऊ द्या." हायवेवरचं झटपट चार्जिंग त्यांना पटत नाही, ते त्यांच्या मते लग्नातलं जेवण, कधीमधी ठीक. आणि या सगळ्यावर त्यांचं एक ठरलेलं वाक्य: "मुकं जनावर हाय बाई, ते सांगत न्हाय. आपुन वळखायचं."

दसऱ्याला गल्लीत सगळ्या गाड्या धुतल्या, हार घातले. शेजारच्या तात्यांनी कौतुकानं डॉक्टरांच्या गाडीपुढं नारळ उचलला. डॉक्टर धावत आले. "तिकडं! तिकडं फोडा!" त्यांनी तात्यांना वीस पावलं लांब नेलं, आणि नारळाचं पाणी चार्जिंगच्या झाकणाच्या दिशेनं उडत नाही याची खात्री होईपर्यंत स्वतः मध्ये आडवे उभे राहिले. पाणी त्यांच्या नव्या शर्टावर उडालं. तात्या म्हणाले, "डॉक्टर, पूजा गाडीची का तुमची?"

काकू, म्हणजे डॉक्टरांच्या पत्नी मंदाकाकू, हे सगळं उंबऱ्यात बसून बघत आणि पदर तोंडाला लावून हसत. त्या घरातच असायच्या. देऊळ, किराणा, माझं घर, एवढाच त्यांचा फेरा. मला वाटायचं, काहींना नसते फिरण्याची आवड. गाडी आल्यावर मात्र डॉक्टर त्यांना घेऊन निघू लागले. आधी नुसते नदीपर्यंत. मग महिन्याभरानं पुढच्या फाट्यापर्यंत. दिवाळीनंतर थेट धाराशिवपर्यंत. परत आले की काकू लहान मुलीसारख्या मला सांगायच्या, "आज पार एसटी स्टँड बगून आले!" मला त्याचं नवल वाटायचं, पण विचारलं कधी नाही.

मग मार्चमध्ये ते दगडाचं प्रकरण झालं.

धाराशिवहून एकटे परत येताना, गावाजवळ रस्त्याचं काम चालू होतं तिथं, एका ट्रॅक्टरला बाजू देताना गाडीचा तळ दगडावर घासला. मी शाळेतून येत होते. बघते तर डॉक्टर भर रस्त्यात पाठीवर झोपून गाडीखाली बॅटरी लावून बघताहेत, म्हणजे हातातली बॅटरी. मागं दोन ट्रॅक्टर, एक एसटी, सगळे हॉर्न वाजवताहेत.

"पोटाला लागलंय बाई," खालून आवाज आला. "वरखडा हाय. आतलं कळंना."

लोकांनी गाडी ढकलून कडेला घेतली. कुणीतरी गॅरेजवाल्या इस्माईलला बोलावलं. इस्माईल चांगला माणूस, डॉक्टरांनी त्याच्या शेळ्या कितीदा बऱ्या केलेल्या. तो पाना घेऊन आला आणि बॉनेट उघडून म्हणाला, "काका, काय घाबरताव? दोन बोल्ट खोलून बगतो." त्याचा हात नारंगी वायरीकडं गेला आणि डॉक्टर असे ओरडले की मी दचकले.

"हात मागं! इस्माईल, हात मागं घे!"

पाना खाली पडला. डॉक्टरांनी त्याचं मनगट धरलं होतं. आवाज खाली आणून ते म्हणाले, "तीनशे व्होल्ट हायत त्यात पोरा. तुला चिकटवून धरंल. तुज्या घरी म्या काय सांगू?" इस्माईलनं आपला हात उलटासुलटा करून बघितला आणि मग स्वतःच बॉनेट हळूच बंद केलं.

गाडी चालत होती, पण डॉक्टरांनी चालवली नाही. क्रेनवर चढवून कंपनीच्या वर्कशॉपला पाठवली आणि तीन दिवस कडुलिंबाखाली खुर्ची टाकून बसले. चेहरा असा की गल्लीतले लोक येऊन विचारपूस करू लागले. मी म्हटलं, "काका, दुरुस्त होईल की. एवढं काय?"

"शनवारी तामलवाडीला जायचं ठरलंय," ते म्हणाले.

चौथ्या दिवशी वर्कशॉपमधून फोन आला. तिथल्या माणसानं जाड रबरी हातमोजे घालून सगळं तपासलं होतं. नुसता रंग खरवडला होता. पेटीला पोचाही नव्हता. डॉक्टरांनी गल्लीत पेढे वाटले. इस्माईलला दोन दिले.

शुक्रवारी संध्याकाळी काकू माझ्याकडं आल्या. "बाई, उद्या सुट्टी हाय ना? चला की आमच्या संगं. एवढ्या लांब म्या कधी गेले न्हाय. वाटंत काय झालं तर बाईमाणूस असावं."

"काय होणार आहे काकू?"

"गाडी लागती मला," त्या ओशाळून म्हणाल्या.

तेव्हा मला कळलं. डिझेलचा, पेट्रोलचा वास नाकात गेला की काकूंच्या पोटात ढवळून यायचं. लग्नाच्या वरातीपासूनचं हे. लिंबू झालं, आलं झालं, गोळ्या झाल्या. शेवटी वडील गेले तेव्हा टेम्पोतून माहेरी, तामलवाडीला गेल्या होत्या, आणि परत येऊन तीन दिवस अंथरुणात पडल्या. त्यालाही बावीस वर्षं झाली. त्यानंतर तिथंच राहणारी धाकटी बहीण रखमाच इकडं येऊन भेटायची. गेल्या पावसाळ्यात रखमाचं खुब्याचं हाड मोडलं आणि तिचंही येणं थांबलं.

शनिवारी सकाळी गारव्यातच निघालो. काकू पुढं बसलेल्या, मांडीवर बहिणीसाठी शेंगदाण्याच्या लाडवांचा डबा. गाडीत ना आवाज ना वास. तुळजापूरच्या पुढं घाट उतरताना माझ्या लक्षात एक गोष्ट आली. पुस्तकातलं एक पान मीच त्यांना समजावलं होतं: उताराला पाय उचलला की मोटारच गाडी आवरते आणि वीज परत बॅटरीत जाते. डॉक्टर तर एकेक टक्का जपणारे. पण पडद्यावर ते शून्यावर ठेवलेलं.

"काका, ते चालू करा ना. घाटात फुकटची वीज मिळेल."

"नको बाई." त्यांनी अगदी हलक्या पायानं ब्रेक दाबला. "त्यानं गाडी मागनं वढल्यावानी हुती. हिला मळमळतं. म्या नदीच्या रस्त्याला समदं करून बगितलंय."

काकू खिडकीतून बाहेर बघत होत्या. त्यांनी ते ऐकलं असावं, कारण त्यांनी डबा उघडून एक लाडू डॉक्टरांच्या हातावर ठेवला.

तामलवाडीत रखमामावशी ओसरीवर बाजेवर बसून होत्या. उठता येत नव्हतं, म्हणून नुसते हात पुढं केलेले. काकू आपल्या पायानं, ताठ चालत गेल्या. धाकटीनं थोरलीचं तोंड दोन्ही हातांत धरून निरखलं. "आक्का, पिवळी न्हाय पडलीस गं!" आणि दोघी एकदम हसायला लागल्या, आणि मग हसणं थांबेना.

डॉक्टर अंगणातच उभे होते. मी म्हटलं, "काका, चला की आत."

"बसू द्या त्येंला जरा." ते रांजणाजवळच्या दगडावर टेकले. "नोकरीत ह्या वाटंनं आलो की म्या हितं च्या प्यायला थांबायचो. रखमा पाणी घेऊन भाईर यायची, माज्या मागं बगायची आन् इचारायची, 'एकटंच आलाव व्हय दाजी?' दर बारीला."

आतून काकूंचा आवाज येत होता. घाट कसा, गाडी कशी, सगळं एका दमात.

"आज इचारलं न्हाय," डॉक्टर म्हणाले. मग उठून त्यांनी रांजणातलं पाणी घेतलं, पाय धुतले आणि ओसरी चढले.