अण्णा आणि पाण्याची मोटर

आमच्या इमारतीत दुसऱ्याच्या कुकरच्या शिट्टीला दाद देणारा एकच माणूस आहे, तळमजल्यावरचे माधवअण्णा. मी मारतहळ्ळीत नुकताच राहायला आलो होतो. एका सकाळी अण्णा रेकॉर्डर घेऊन दारात उभे. "तुमची शेवटची शिट्टी स्वल्प लांब येते. आणखी एकदा भात लावता काय?" मी पुण्याचा. अनोळखी माणसाला दारातूनच वाटेला लावायचं शिक्षण घेऊन आलेला. पण का कोण जाणे, मी भात लावला.

अण्णांचं घराणं कैक पिढ्यांपूर्वी इकडे कन्नड मुलुखात आलेलं. घरात मराठी, बाहेर कन्नड, आणि दोन्हीकडे 'थोडं'ला 'स्वल्प' आणि 'बरं'ला 'सरी'. बँकेतून निवृत्त झाल्यावर ते आवाज गोळा करायला लागले. लिफ्टचं दार, बसचे ब्रेक, इडलीचं पीठ वाटणारा ग्राइंडर. ते सगळं जोडून त्याचं संगीत करायचं आणि नाव न लावता इंटरनेटवर टाकायचं. मी पहिल्यांदा ऐकलं तेव्हा फोन बिघडला असं वाटलं. दुसऱ्यांदा ऐकलं तेव्हा माझी शिट्टी अशी नेमक्या जागी आली की मी घरातल्या घरात ताठ बसलो.

नाव का लावत नाही म्हणून विचारलं, तर म्हणाले, "नाव दिसलं की लोक माणसाला ऐकतात. आवाज राहतो बाजूला."

रविवारी ते आनेकलच्या एका शाळेच्या मदतीसाठी निघणाऱ्या सायकलफेरीत जातात आणि सगळ्यांत शेवटी पोचतात, कारण वाटेत पूल लागला की खाली उतरून वरून जाणारे ट्रक ऐकत बसतात. आयोजक बिचारे टेबलं आवरून वाट बघतात. तरी मदत सगळ्यांत जास्त अण्णाच आणतात. नाही म्हणणाऱ्याला ते आपलं संगीत ऐकवत राहतात, त्याचा हात खिशाकडे जाईपर्यंत. वयाच्या सत्तरीत इतकं मजेत राहता येतं, याचा मला मनापासून हेवा वाटतो.

त्यामुळे सोसायटीच्या सभेतले अण्णा मला ओळखूच येईनात. पाण्याची जुनी मोटर त्यांच्या झोपायच्या खोलीला लागून होती. ती सुरू झाली की त्यांची भिंत, पलंग, पेल्यातलं पाणी, सगळं थरथरायचं. बिनआवाजाची नवी मोटर येणार म्हटल्यावर अण्णा पेढे वाटतील असं आम्हाला वाटलं होतं. एकट्या अण्णांनीच विरोध केला. कारण मात्र सांगेनात. "जुनी राहू दे, दुरुस्ती मी बघतो," एवढंच धरून बसले. नवी मोटर मंजूर झाली तेव्हा खाली मान घालून उठून गेले. जुनी काढायच्या आदल्या दिवशी मोटरच्या खोलीत रेकॉर्डर लावून बसलेले दिसले.

नवी मोटर बसली. पुढच्या रविवारी सकाळी जुनीचा आवाज इमारतभर घुमला. मी खाली धावलो. अण्णांचं दार उघडंच होतं. ते सायकलफेरीचा पिवळा सदरा घालून उभे होते, आणि पलंगाखाली ठेवलेल्या भल्यामोठ्या स्पीकरमधून मोटर गरगरत होती. पलंगावर त्यांच्या पत्नी, अक्का, भिंतीला तळवा लावून बसल्या होत्या.

अक्कांना ऐकू येत नाही हे मला ठाऊक होतं. दारावरची बेल, कुकर, अण्णांचं ते सगळं संगीत, त्यातलं काहीच त्यांच्यापर्यंत जात नाही.

"ही एकच पोचत होती तिला," अण्णा म्हणाले. "मोटर लागली म्हणजे दिवस सुरू झाला. हा आठवडाभर मोटर का लागत नाही म्हणून विचारत होती. तिचं दुखणं सभेत कसं काढायचं, सांगा."



अक्कांनी भिंतीवरचा हात काढला. चेहरा उजळला होता. "मोटर लागली हो," त्या म्हणाल्या, "पाणी भरून घ्या."

आमच्या नळाला आता दिवसभर पाणी असतं. कट्ट्यावरची कळशी काठोकाठ भरलेली होती. फेरी केव्हाच निघून गेली असणार. अक्कांना दिसेल अशी मान हलवून अण्णा "सरी" म्हणाले, कळशी उचलून गॅलरीतल्या कुंड्यांत रिकामी केली आणि पुन्हा नळाखाली लावली.