दोनशेबाराव्या ओळीवर शालनकाकू

ऋजुताच्या लॅपटॉपने तीन डिबगर परत पाठवले आणि चौथ्या जागी समोरच्या फ्लॅटमधल्या शालनकाकू बोराटे यांना बसवावं, असं लेखी कळवलं. चालत्या प्रोग्रामला मध्येच अडवून 'काय चाललंय तुझं?' असं विचारतो, तो डिबगर. बाहेरून आणलेले तिघेही आपल्याला सोसत नाहीत, असं लॅपटॉपच्या ऑपरेटिंग सिस्टिमचं म्हणणं होतं. तिला याच मजल्यावरचं कुणीतरी हवं होतं.

काकू आधीच पेटलेल्या होत्या. रुग्णालयाच्या डायलिसिसच्या यादीतून त्यांच्या यजमानांचं नाव दोन गुरुवार गळलं होतं. सोमवारची यादी हाताने लिहितात, तेव्हा काही अडत नव्हतं. गुरुवारची प्रोग्राम लावायचा, आणि तोच दुरुस्तीला ऋजुताकडे आला होता. काकांचे पाय सुजून चपलेत मावेनात. उद्या तिसरा गुरुवार.

"मला बोलावलंय ना? बसते," म्हणत काकूंनी हातातली मेथीची जुडी टेबलावर आपटली.

ऋजुता अर्ज भरू लागली. "काकू, डिबगरचा येण्याचा मार्ग?"

"माझं स्वयंपाकघर, जिन्यापाशी वळून तुझं दार. लिही."

"दुसऱ्याच्या कामात डोकावायची परवानगी?"

"सव्वीस वर्षं डोकावतेय मी या मजल्यावर! कुणाला विचारून गं?"

ऋजुताने तसंच लिहिलं. पडद्यावर उत्तर आलं: अनुभव ग्राह्य. रुजू व्हावे.

काकू खुर्ची ओढून बसल्या. प्रोग्राम भराभर नावं लावत सुटला. दोनशेबाराव्या ओळीवर त्या ओरडल्या, "थांब!"

तो थांबला.

"मधुकर बोराटे. कुठाय नाव?"

"गैरहजर," प्रोग्राम म्हणाला. "रुग्णालयाच्या फाटकावर नोंद झाली, पण पाच मिनिटांत खिडकीशी आले नाहीत."

"अरे, पाच मिनिटांत त्यांच्या दोन पायऱ्या होत नाहीत! पाच कुणी ठरवली?"

"मला लिहिणाऱ्यांनी. ते स्वतः चालून आले होते. त्यांना चार लागली."

"त्यांचे पाय सुजले होते का?"

"नोंद नाही."

"नोंद नाही म्हणे!" काकूंचा आवाज तळमजल्यापर्यंत गेला. "तू चाललायस कधी आजारी माणसाबरोबर?"

"मला कुणी नेलं नाही."

ऋजुता हळूच म्हणाली, "काकू, डिबगरला प्रोग्राम एकेक पाऊल चालवता येतो. तुम्हाला तो अधिकार आहे आता."

काकू पडद्याकडे वळल्या. "उद्या नऊला फाटकावर ये. आणि उशीर केलास तर गाठ माझ्याशी आहे."

गुरुवारी प्रोग्राम नऊला पाच कमी असतानाच फाटकावर हजर होता. काकांनी त्याच्या खांद्यावर हात टेकला. मागून काकू कडाडत होत्या, "एक पाऊल. थांब! दम लागलाय त्यांना, दिसत नाही? हं, आता पुढचं."

पाच मिनिटं झाली तसा तो सवयीने नाव खोडायला निघाला. काकूंनी त्याचं मनगट घट्ट धरलं.

"हे तुमचे कोण?" खिडकीतल्या बाईंनी विचारलं.

"प्रोग्राम आहे. नाव घ्या आधी."

खिडकीशी पोचायला सतरा मिनिटं लागली होती. प्रोग्रामने कपाळ पुसलं, 'पाच मिनिटं' खोडलं आणि तिथे 'पोचेपर्यंत' असं लिहिलं. काकांना आत घेतलं.

काकूंचा राग उतरला नव्हता. फाटकातून एक म्हातारे गृहस्थ भिंतीला धरून येत होते.

"बघत काय उभा राहिलास?" काकू खेकसल्या. "जा, हात दे त्यांना."

प्रोग्राम गेला.