लिंबाला लागलेली विहीण

"आली तुझी सासू नि लिंबाला आल्या देवी!" सुगंधाबाईंनी डागाळलेलं पान सिद्धेशच्या नाकासमोर नाचवलं.

मुलुंडच्या त्यांच्या तळमजल्यावरच्या घरामागे कागदी लिंबाची दोन झाडं होती. त्या लिंबांचं लोणचं अख्ख्या बिल्डिंगमध्ये गाजलेलं. पण दर पावसाळ्यात पानांवर, फळांवर खरखरीत तपकिरी डाग उठायचे आणि थंडीत पालवी पुन्हा चकचकीत यायची. नेमकी सून माधुरीची आई, कमलबाई, माहुलच्या आपल्या घराचं छत गळायला लागलं की जूनमध्ये लेकीकडे यायची आणि दसऱ्याला परत जायची.

"येते तेव्हा डाग, जाते तेव्हा साफ. दृष्ट नाही तर काय?"

"आई, पाऊस पण तेव्हाच येतो ना!"

"पाऊस काय आपल्या एकट्याच्या घरी येतो?"

वर कमलबाईंची टोचणी. सुगंधाबाई भिजत फांद्या छाटायला निघाल्या, की खिडकीतून हाक यायचीच, "विहीणबाई, ओल्या झाडाला कोयती लावू नका हो!" पुढे पुढे तर कोयतीच जागेवर सापडेना.

यंदा मात्र सुगंधाबाईंनी मे महिन्यातच माणसं पाठवून माहुलच्या छतावर नवे पत्रे घालून दिले. मनात म्हटलं, आता कशी येतेस बघू! माधुरीचे डोळे भरून आले. "आई, माझ्या आईसाठी एवढं केलंत?" शेजारणी म्हणाल्या, सासू असावी तर अशी. सुगंधाबाईंनी पदर सावरत सगळं कौतुक निमूट घेतलं.

पाऊस लागला. कमलबाई आल्या नाहीत, डाग मात्र आले. सुगंधाबाईंनी रोज कोयती चालवली, आज हे झाड, उद्या ते. ऑगस्टपर्यंत अशी वाट लागली, की दारात मिरचीबरोबर बांधायचं लिंबूसुद्धा बाजारातून आणावं लागलं.

शेवटी आरे कॉलनीतले नर्सरीवाले लवूभाऊ आले. त्याच दिवशी कमलबाईही पत्र्यांचे आभार मानायला अळूवड्यांचा डबा घेऊन हजर.

लवूभाऊंनी पान उलटंपालटं केलं. "खैऱ्या हा. जंतूंचा रोग. पावसाच्या थेंबांबरोबर उडतो, थंडीत दबून बसतो. पण यंदा इतका कसा माजला? ओल्या झाडाला हत्यार कोणी लावलं?"

सगळ्यांचे डोळे सुगंधाबाईंच्या हातातल्या कोयतीवर गेले. कमलबाईंनी अळूवड्यांचा डबा उघडून पुढे केला. तेच जास्त झोंबलं.

"मागच्या वर्षी कोयती लपवायला कोणीतरी होतं," सिद्धेश पुटपुटला.

"तू गप रे!" सुगंधाबाईंनी कोयती विहिणीच्या हातात कोंबली. "ही ठेवा तुमच्याकडे. आणि पुढच्या जूनला वेळेवर या."

"आता कशाला येऊ? तुमच्या कृपेनं घरात थेंब गळत नाही!"

सुगंधाबाईंनी जरा विचार केला.

"सिद्धेश, माहुलला जाऊन एक पत्रा काढून ये."