लुईसच्या घरावर सतरा माळे

"हे काय? माझं घर कुठंय?" लुईस ओरडला.

त्याचा मुलगा व्हर्नन कॉम्प्युटरवर खऱ्या मुंबईवरून विमान उडवायचा गेम खेळत बसला होता. विमान उतरायच्या बेतात विमानतळाशेजारच्या वाकोल्यावर आलं, तर लुईसच्या कौलारू घराच्या जागी सतरा माळ्यांचा टॉवर! तोही जमिनीपासून हातभर अधांतरी, आणि खिडकीतून नारळाचं झाड बाहेर आलेलं.

"डॅडी, ग्राफिकचा लोचा आहे. अपडेट केलं की जाईल."

"मी एक माळा चढवायला गेलो तर म्हणे विमानांना आडवा येईल! आणि यांचे सतरा चालतात?"

एकट्याने राग गिळणं लुईसच्या स्वभावात नव्हतं. त्याने स्क्रीनचा फोटो काढून घरच्या ग्रुपवर टाकला: 'बघा, आपल्या घराची काय वाट लावली!'

लगेच मढहून थोरल्या बहिणीचा, आयडाचा, फोन आला. शनिवारी व्हर्ननच्या लग्नाचं उंबराचं पाणी होतं. वाजतगाजत अंगणातल्या बावडीवर जायचं आणि नवऱ्याच्या आंघोळीचं पाणी आत्यानेच काढायचं, ही त्या घरची रीत.

"लुईस, बावडी कुठंय?"

"टॉवरखाली गेली, बाय. पण ते..."

"बिल्डरला दिलीस? पपांची बावडी? मला न विचारता? मी नाय येनार पानी काढायला. नळाखाली बसव पोराला!"

फोन कट. आत्या नाही तर पाणी नाही, आणि त्या पाण्याशिवाय नवरा न्हाणार कसा?

"कर ते अपडेट!" तो व्हर्ननवर खेकसला.

अपडेट झालं. टॉवर गेला, पण जाताना घरही घेऊन गेला. तिथे आता नुसती रिकामी माती दिसत होती. लुईसने घाईघाईत तोही फोटो पाठवला: 'बघ बाय, टॉवर गेला.'

उत्तर आलं: 'घर पन पाडलं?'

दुसऱ्या दिवशी सकाळी आयडा रिक्षातून उतरली तीच शिव्या देत. घर जागेवर होतं. बावडीही होती. तरी तिने बादली सोडली, पाणी काढलं, चाखून पाहिलं.

"मंजे टॉवर नाय?"

"नाय, बाय. कधीच नव्हता. शपथ!"

आता ही हसेल, असं लुईसला वाटलं. ती कठड्यावर धपकन बसली.

"शनिवारी पानी काढीन. पन मी मढात सगळ्यांना सांगून बसले, पपांच्या जागेवरच्या टॉवरचा वरचा माळा माझा म्हनून. पडदेपन घेतले!" मग ती व्हर्ननवर कडाडली, "आनि तुला रे, अपडेट करायची एवढी काय घाई होती?"