मोघ्यांची भिंत

मोघे कुणाकडे बार्बेक्यूला गेले की वाइनची बाटली नेत नाहीत, झाडू नेतात. गवताचा, इथल्या ओटाहुहू उपनगरातल्या भारतीय दुकानातून आणलेला. यजमान बघत असतानाच तो गॅसच्या नळीभोवती फिरवतात, झाडूची एकही काडी पेटत नाही याची खात्री करतात आणि मगच प्लेट हातात घेतात.

हा वेडेपणा आहे, पण निम्माच. हॅमिल्टनच्या आमच्या प्रयोगशाळेत आम्ही मुद्दाम हायड्रोजन गळू देतो, पेटवतो आणि माणसाने किती लांब उभं राहावं ते मोजतो. त्यावरून हायड्रोजनच्या पंपांचे सुरक्षेचे नियम ठरतात. या गॅसची ज्योत उन्हात जवळजवळ दिसतच नाही. पूर्वीचे लोक झाडू पुढे धरून चालायचे. झाडू पेटला की थांबायचे. हल्ली त्यासाठी कॅमेरे आहेत. मोघे म्हणतात, "कॅमेऱ्याची बॅटरी जाते हो!"

"दोन पावलं मागे!" हे त्यांचं पालुपद. घरी फोडणीच्या वेळीही तेच. "अहो, मग मोहरी काय फेकून मारू?" असं वहिनी विचारतात.

गेल्या हिवाळ्यात मात्र त्यांनी कहरच केला. ट्रकच्या पंपांसाठीच्या नियमांचा मसुदा तयार, बाकी सगळ्यांच्या सह्या झालेल्या, आणि हे अडून बसले. टाकी भरेपर्यंत ड्रायव्हरला भिंतीचा आडोसा हवाच, नाहीतर सही नाही! भिंत म्हणजे जागा, जागा म्हणजे खर्च. आमचा साहेब ब्रूस एरवी 'शी'ल बी राइट', म्हणजे होईल सगळं ठीक, म्हणून सगळं सोडून देणारा, पण तोही वैतागला. मोघ्यांना प्रकल्पातून काढायची भाषा सुरू झाली. मलाही त्यांचा रागच आला होता, खोटं कशाला बोलू?

शेवटी मीटिंगमध्ये ब्रूस टेबलावर हात आपटून म्हणाला, "हा तुझा ड्रायव्हर आहे तरी कोण? पंपाच्या नकाशातला एक ठिपका!"

"गार्गी मोघे," मोघे म्हणाले. "माझी मुलगी. ट्रक चालवते."

ब्रूसने स्वतःच पेन्सिल उचलली आणि नकाशात भिंत काढली.

बाहेर आल्यावर मी म्हटलं, "मोघे, कधी बोलला नाहीत!"

"काय बोलणार? इंजिनिअरिंग सोडून तिने स्टिअरिंग धरलं, तेव्हा मी तिला नाही नाही ते बोललो. तेव्हापासून माझा फोन उचलत नाही. आईशी फोनवर बोलते तेव्हा, हीटरवर सुकवलेले मोजे घालू नकोस, ठिणगी उडते, म्हणून मी मागून ओरडतो, तेवढंच."

"मग आता कळवा की तिला. बाबांनी भांडून भिंत घालायला लावली म्हणून."

मोघे एकदम घाबरले. प्रकल्पातून काढायची भाषा सुरू झाली तेव्हाही इतके घाबरले नव्हते.

"छे छे, भलतंच काय! माझं नाव कळलं तर कार्टी मुद्दाम भिंतीच्या पुढे उभी राहील."